नावाईदामूतून गाडी ढकलताना

नीरफणसाच्या झाडाखाली गाडी लावून बिसुनला अर्धा तास झाला होता. मागच्या दोन्ही बाकांवर एकही उतारू नव्हता. एका बाकाच्या टोकाला भेंडीची पाटी मांडीशी घेऊन सुखराजी बसली होती. पण ती घरची. बायकोला उतारू म्हणायचं तर बिसुनने स्वतःलाही मोजायला हरकत नव्हती.

बेटावरचं नावाईदामू गाव चुलींच्या धुरात हळूहळू जागं होत होतं. जागं होत होतं तेही चोरपावलांनी. गावचे थोरले सरदार जाऊन ऐंशी दिवस झाले होते आणि शंभर रात्रींची बंदी चालू होती. ख्रिस्ती देवळाची घंटा नाही, लाकडी ढोल नाही, गाणं नाही, लांबून कुणाला हाक मारणं नाही. बायका पाण्याला जाताना बादल्यांच्या कड्यांना चिंध्या गुंडाळत. डुकरांना तेवढी बंदी कोणी सांगितली नव्हती.

मेरेओनी खांद्यावरच्या काठीला दोन्हीकडे दालोच्या जुड्या लटकवून आली. अळूचे ते कंद मातीसकट असे जड, की काठी धनुष्यासारखी वाकली होती. ती गाडीपाशी थांबली. सुखराजीने पाटी सरकवून जागा केली.

"बस गं."

"काकी," मेरेओनी कुजबुजली, "राग नको धरूस. मी पुलापर्यंत चालत जाते."

"एवढं ओझं घेऊन?"

"तिथे प्रनीलची गाडी असते. त्याच्यात गाणी असतात." मेरेओनीची मान खाली गेली. "अख्खा दिवस गाव मुकं असतं, काकी. लंबासाच्या बाजारात जाईपर्यंत तरी कानाला काहीतरी लागतं. तुमच्या गाडीत काय, काकांचा खोकला."

ती गेली. तिच्या पाठोपाठ आणखी चौघी गेल्या. प्रत्येकीने बिसुनकडे बघून हात केला, आणि त्याने प्रत्येकीला परत केला. पाचव्या वेळी त्याचा हात वर गेला तो तसाच टपावर आपटला.

ही पिकअप बावीस वर्षं या वाटेवर कॅरियर म्हणून चालत होती. डोंगरातल्या, पिढ्यांपूर्वी भारतातून आलेल्यांच्या उसाच्या वस्तीवरून निघायचं, नावाईदामूतून जायचं, पूल ओलांडायचा की लंबासाचा डांबरी रस्ता. दुसरी वाट नव्हती. बिसुनने या गाडीतून नवऱ्या नेल्या होत्या, बाळंतिणी नेल्या होत्या, आणि एकदा एक पेटीवाला पाद्री त्याच्या पेटीसकट. गाडीत एक कॅसेटचा डेक होता. त्याने सहा वर्षांपूर्वी एक कॅसेट गिळली ती परत दिली नव्हती. दारातल्या स्पीकरचा कागद उंदरांनी नेला होता.

परत येताना बिसुन पुलावर म्हणाला, "मुनसामी विचारत होता."

"कोंबड्यांचा मुनसामी?"

"त्याला पिंजरे न्यायला गाडी हवीय. दिवाळीपर्यंत बघतो. बाकं भरली नाहीत तर देऊन टाकतो त्याला."

"आणि आपण?"

"आपण काय? ऑकलंडला पोराकडे जाऊ. खिडकीतून बर्फ बघू."

"तिथे बर्फ नाही पडत म्हणे."

"मग काय बघायचं?" बिसुन म्हणाला, आणि उरलेल्या वाटेवर खोकत राहिला.

रोज पहाटे तुळशीला पाणी, दिवा, मंगळवारी मारुतीचा उपास, रविवारी अळणी जेवण हे सुखराजीचे नेम अंगणातल्या मारुतीच्या लाल झेंडीच्या साक्षीने तीस वर्षं चालले होते. ती झेंडी दुसऱ्या कुठल्या अंगणात फडकेल असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं. संध्याकाळी दिवा लावताना तिने आर्तिकाला विचारलं, "गाडीत गाणी बसवायला काय लागतं गं?"

आर्तिका तिची धाकटी. लंबासाच्या एका गॅरेजात गाड्यांची वायरिंग करायची. एकवीस वर्षांची, नखांत कायम काळं, त्यामुळे दोन स्थळं परत गेली होती आणि त्याचं तिला काहीच वाटलं नव्हतं. ती आईकडे बघत राहिली.

"अम्मा, तू विचारतेस? तुला तर मिक्सरचा आवाजही सहन होत नाही."

"माझं राहू दे. पापाच्या गाडीचं सांग."

"लागतं काय? नवा डेक, ॲम्प्लिफायर, चार स्पीकर आणि पापाची परवानगी. पहिल्या तिन्हींची सोय होईल. आमच्याकडे एक बस मोडीत काढलीय."

"चौथ्याची मी करते," सुखराजी म्हणाली.

ते काम तीन रविवार चाललं. सकाळी पूजा झाली की गाडी आंब्याखाली यायची आणि आर्तिका तिच्या पोटात शिरायची. तिने दारांचे आतले पुठ्ठे काढले; आत वाळलेली पानं, एक कंगवा आणि कुणाच्या तरी साखरपुड्याची पत्रिका निघाली. तिने जुना डेक उपटला. बॅटरीपासून बोटाएवढी जाड तांबडी वायर ओढून, मध्ये फ्यूज घालून, ती सीटच्या मागे आणली. ॲम्प्लिफायर तिथे पट्टीने आवळला. मागच्या बाकाखाली घुमणाऱ्या आवाजासाठी प्लायवुडची पेटी करायची होती. ती बिसुनने स्वतः केली. दोन रविवार तो ओसरीवर पाय लांब करून "घाला पैसे पाण्यात" म्हणत होता. पण आर्तिकाने फळी वाकडी कापलेली पाहिली आणि त्याच्याच्याने राहवलं नाही.

"करवत अशी धरतात? आण इकडे. ऊस तोडतेयस की पेटी करतेयस?"

"दोन्हीत तुम्हीच हुशार, पापा."

"मस्का नको लावू. सरस आण."

तिसऱ्या रविवारी दुपारी आर्तिकाने डेक लावला. गाणं आलं. पण गाण्याच्या पाठीमागून एक बारीक कुईं कुईं येत होती, आणि बिसुनने ॲक्सिलरेटर दाबला की ती वर वर चढत जायची.

बिसुनने डोळे मिटून मान डोलावली. "वा! इंजिनही सुरात गातंय. बावीस वर्षं बिचाऱ्याला कोणी विचारलंच नव्हतं."

"अर्थिंग नीट नाही," आर्तिका म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. "वायर बॉडीला टेकवलीय तिथे नुसता गंज आहे. खालचं लोखंड लागलं पाहिजे, कोरं."

तिने पत्र्याचा तुकडा घेऊन सीटमागे खरवडलं. गंजाचे पापुद्रे उडाले, खाली पुन्हा गंज. मग सुखराजीने पदर खोचला.

"सरक. घासायचं काम आहे ना? तीस वर्षं मी दुसरं काय केलंय?"

चुलीतली राख आणि नारळाच्या काथ्याचा बोळा घेऊन ती गाडीत गुडघ्यांवर बसली. मानेवरून घाम ओघळून पाठीत उतरत होता, उघड्या दाराचं लोखंड कोपराला चटके देत होतं. देवाची समई घासावी तशी ती गोल गोल घासत राहिली. तासाभराने बशीएवढी जागा लख्ख झाली. तिच्यात तिची टिकली दिसत होती.

आर्तिकाने वायरचं टोक तिथे बसवून बोल्ट आवळला. बिसुनने इंजिन चालू केलं, रेस केलं, अजून रेस केलं.

कुईं गेली. नुसतं गाणं राहिलं. मृदंगाची थाप आधी पायांना लागली आणि मग कानांना. आंब्यावरच्या मैना उडाल्या. बिसुन खाली उतरला, पेटीवर हात ठेवून उभा राहिला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

"कशी आहे?" आर्तिकाने विचारलं.

"ओरडू नको," तो म्हणाला. "ऐकू दे."

दुसऱ्याच दिवशी त्याला गाणी लावून निघायचं होतं. सुखराजीने अडवलं.

"अजून चार दिवस. शंभर व्हायचेत."

थोरले सरदार गेले त्या दिवसापासून ती पहाटेच्या दिव्यानंतर तांदळाचा एक दाणा पितळेच्या गडूत टाकत होती. त्यांनी कधी हिच्या झेंडीसमोरून जाताना डोक्यावर टोपी ठेवली नव्हती. मग त्यांचा दुखवटा हिने मोजायला नको? तिने कोणाला सांगितलं नव्हतं. नेम सांगायचा नसतो. चौथ्या दिवशी तिने गडू पाटावर ओतून दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडले. दहा ओळी भरल्या. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

एकशे एकाव्या सकाळी तिने गाडीच्या बॉनेटला हळदकुंकू लावलं, डेकला फूल वाहिलं. आर्तिकाही कामाला त्यांच्याबरोबरच निघाली. नीरफणसाखाली गाडी थांबली. मेरेओनी आणि त्या चौघी काठ्या खांद्यावर घेऊन लांबून येतच होत्या.

"लाव," बिसुन म्हणाला. "तुझ्या हाताने लाव."

सुखराजीने बटण दाबलं. मारुतीचं भजन होतं. झांज, ढोलकी आणि पंधरा गळे. आर्तिकाने रस्त्यावरच्या खडखडाटाच्या हिशोबाने आवाज ठेवला होता. गाडी उभी होती. तो आवाज गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, डोंगराला लागला आणि परत आला.

मेरेओनीच्या खांद्यावरची काठी खाली पडली. दारादारांत माणसं आली. कोणी ओरडलं नाही. सगळे दोन्ही हात खाली दाबल्यासारखे करत होते, जसं काही तो आवाज चादरीखाली दाबता येईल. सरदारांच्या घराच्या ओसरीवर लाइसा आजी, त्यांची विधवा, चटईवरून उठून उभ्या राहिल्या होत्या. काळे कपडे, हाताशी काठी. गावचा कारभारी इलिएसा कमरेला गुंडाळलेलं सुलू सावरत चालत आला. पळाला असता तर बरं झालं असतं. तो चालत आला.

आर्तिकाने वायरच ओढली. भजन मध्येच तुटलं.

"भैया," इलिएसा हळू म्हणाला, "हे काय केलंत?"

"शंभर झाले ना?" सुखराजी म्हणाली. "काल शंभर झाले."

"बंदी उठली नाही, काकी. सेमीची रजा पुढे गेली. तिकडे परदेशात शांतिसेनेत आहे ना तो. मुलगा आल्याशिवाय बापाची बंदी कशी उठेल? गेल्या रविवारी प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांना सांगितलं."

"आम्हाला कोणी..." बिसुनने सुरुवात केली आणि थांबला. कोण सांगणार? सांगणारे सगळे प्रनीलच्या गाडीतून जात होते.

त्या दिवशी गाडी रिकामी गेली. रस्ता गावाचा होता. गावाने उद्या वाटेत एक ओंडका टाकला असता तर दिवाळीची वाट बघायचीही गरज नव्हती.

बाजारात सुखराजीने भेंडी न मांडता पहिलं काम केलं ते माफी मागताना पुढे ठेवायची यंगोनाची मुळी घेण्याचं. चांगली हातभर, केसाळ, मातीचा वास असलेली. दुपारी तिघं गावाच्या वेशीवर गाडी ठेवून पायी सरदारांच्या घरी गेली. आत चटईवर गावातली वडीलधारी मंडळी बसली होती. बिसुन गुडघ्यांवर सरकत पुढे झाला, मुळी समोर ठेवली आणि त्याला जे बोलायचं होतं ते सगळं विसरला.

"आमची चूक," एवढंच म्हणाला.

"यांची नाही," मागून सुखराजी बोलली. बायकांनी अशा वेळी बोलायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं. "दिवस मी मोजले. रोज एक तांदूळ टाकून मोजले. शंभर भरले म्हणून मीच लावा म्हटलं. शिक्षा मला करा. रस्ता नका बंद करू."

मग लाइसा आजींनी विचारलं, "रोज मोजलंस?"

"हो, आजी."

"घरी बसून?"

"हो."

"आम्ही नाही मोजले," आजी म्हणाल्या. "या घरात कोणाला विचार, आजचा कितवा. सांगता नाही येणार." त्या काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिल्या. "पण पोरी, बंदी मोजून सुटत नाही. माणसं जमली की सुटते."

इलिएसाने मुळी उचलली. उचलली म्हणजे माफी मान्य केली. बिसुनचे खांदे खाली आले. पण चूक भर गावात झाली होती, तिला भर गावात काहीतरी व्हायला हवं होतं. मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. आजी म्हणाल्या, "सेमी येईपर्यंत ती गाडी माझ्या दारावरून आवाज न करता जाईल."

"गाणी नाहीच लावणार, आजी," आर्तिका म्हणाली.

"गाणी नव्हे. इंजिनसुद्धा नाही. वेशीवर बंद करायचं, पुलाच्या अलीकडे चालू करायचं."

"आणि मध्ये?" बिसुनने विचारलं.

"मध्ये तुम्ही तिघं आहात ना?" आजी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे वेशीवर इंजिन बंद झालं. बिसुन उतरून दाराच्या चौकटीला खांदा लावून, खिडकीतून एका हाताने स्टिअरिंग धरून उभा राहिला. मागे आर्तिका आणि सुखराजी. सुखराजीने बांगड्यांवर पदराची चिंधी गुंडाळली होती. सवाष्णीने त्या काढायच्या कशा, आणि वाजू द्यायच्या कशा?

गाडी हलली. पहिली पन्नास पावलं बरी गेली. देवळापाशी रस्ता थोडा चढतो हे बावीस वर्षांत बिसुनला कधी कळलं नव्हतं. तिथे चाकं थांबली. सुखराजीची चप्पल धुळीत मागे घसरत होती, फाळक्यावर टेकलेल्या तळव्यांत पत्र्याची कड रुतत होती, पोटऱ्यांत गोळे आले होते. दारादारांतून लोक बघत होते. तिला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. पण धरणीवरच जोर द्यायचा होता, म्हणून ती तो विचार सोडून ढकलत राहिली.

पुलाशी प्रनील त्याच्या गाडीला टेकून उभा होता. आत गाणं दणदणत होतं.

"काका, गाणी बसवलीत म्हणे? पैसे इंजिन विकून उभे केले की काय?"

बिसुन धापा टाकत होता. लंबासापर्यंत त्याने डेकला हात लावला नाही.

दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी देवळाच्या चढाला गाडी अडली तेव्हा मागे धप्प, धप्प असा दबका आवाज झाला. मेरेओनीने दालोच्या दोन्ही जुड्या मागच्या बाकावर टाकल्या होत्या. तिने सुखराजीच्या हातांच्या मध्ये आपले रुंद हात टेकवले.

"तू कशाला गं?" सुखराजी कुजबुजली. "आजी रागावतील."

"का रागावतील? मी बोलतेय का?" मेरेओनीने जोर दिला; गाडी दोन हात पुढे सरकली. "हे ओझं खांद्यावर घेऊन पुलापर्यंत चालायचं, की चाकांवर टाकून ढकलायचं? तूच सांग, जड काय?"

सुखराजीला ते पटलं. त्या चौघींनाही दुसऱ्या दिवशी पटलं. ओझी गाडीत, हात गाडीला. पुलाजवळ इंजिन चालू झालं, आर्तिकाने वायर जोडली आणि गाडी लंबासाकडे निघाली तेव्हा बाकाखालची पेटी अशी घुमली, की लोसालिनी नावाची थोराड बाई बसल्या जागी उडाली.

"अगं बाई! खालून कोणी ढकलतंय!"

"पुढच्या खेपेला तूच ढकल," मेरेओनी म्हणाली. "गाडीला काही जाणवेल तरी."

मारुतीचं भजन आधी, तो सुखराजीचा नियम. मग आर्तिकाने चर्चच्या गायनाचं लावलं, त्यात बायकांनी आपापला सूर धरला. चार महिन्यांत त्यांनी मोकळ्या गळ्याने असं गायलं नव्हतं. मग नाचाचं लागलं, तेव्हा सुखराजीने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. पण तिची बोटं भेंडीच्या पाटीवर ताल धरत होती, हे मेरेओनीने बघितलं आणि दुसरीला कोपराने ढोसलं.

पुढच्या मंगळवारी अकरा जण होते. वेशीवर सगळे जमले, ओझी चढली, हात लागले. गावात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. देवळाचा चढ आला. सगळ्यांनी श्वास धरला आणि त्याच क्षणी सुखराजीच्या उपाशी पोटात असा लांबलचक गुरगुराट झाला, की म्हातारं कुत्रं झोपेतून उठून बसलं.

इलिएसा रस्त्याकडेला उभा होता. त्याने अत्यंत गंभीर चेहऱ्याने ओठांवर बोट ठेवलं आणि सुखराजीच्या पोटाकडे पाहून मान हलवली.

झालं. लोसालिनी तोंडात सुलूचं टोक कोंबून खाली बसली. मेरेओनीचे खांदे गदागदा हलायला लागले, डोळ्यांतून पाणी, पण तोंडातून आवाज नाही. बिसुन दाराच्या चौकटीवर डोकं टेकून थरथरत होता. हसता हसता सगळ्यांची ताकद गेली आणि गाडी चढावरून हळूच मागे यायला लागली, तेव्हा इलिएसा धावत येऊन पाठ लावून उभा राहिला. तोही हसत होता. सरदारांच्या ओसरीवर लाइसा आजींनी तोंडासमोर पंखा धरला होता. पंखा हलत नव्हता. पंख्यामागे आजी हलत होत्या.

"एवढं हसायला गेल्या चार महिन्यांत मिळालं नव्हतं," पुलाशी आल्यावर मेरेओनी डोळे पुसत म्हणाली. "काकी, रोज उपास कर."

प्रनील पुलाशी एकटाच गाणं ऐकत उभा होता. त्याने अकरा माणसं पाहिली, आवाज थोडा कमी केला. "काका, तुमच्याकडे माणसं गाडी ढकलून वर बसतात, आणि माझ्याकडे आयती गाडी आहे तर..."

"तुझी गाडी फार बरी आहे रे," बिसुन म्हणाला. "तिला माणसांची गरजच नाही पडत."

दिवाळीला पाच दिवस होते. त्याच संध्याकाळी मुनसामी वस्तीवर आला, गाडीभोवती फिरला, टायरला लाथ मारून बघितली.

"मग? बाकं काढली की माझे चोवीस पिंजरे मावतील."

"बाकं निघणार नाहीत," बिसुन म्हणाला.

"अरे, तूच म्हणालास ना?"

"म्हणालो होतो. आता बाकांवर अकरा माणसं बसतात. त्यांना उठवून कोंबड्या बसवू? मेरेओनी मला पुलावरून खाली फेकेल." त्याने सुखराजीकडे पाहिलं. "चहा टाक गं. मुनसामी लांबून आलाय."

सुखराजी आत गेली. चूल पेटवताना तिला धूर लागला नव्हता, तरी तिने डोळे पुसले.

सेमी गुरुवारी आला. शुक्रवारी बंदी उठायची होती. सकाळी वेशीवर इंजिन बंद झालं, सुखराजीने बांगड्यांना चिंधी गुंडाळली आणि ती मागे जाऊन उभी राहिली. पण दालोच्या जुड्या घेऊन कोणी आलं नव्हतं. रस्ता मोकळा होता. गाव देवळापुढे जमलं होतं. नव्या चटया, नवे कपडे, जमिनीतल्या भट्टीचा धूर. बिसुनने खांदा लावला.

"काका, थांबा."

इलिएसा येत होता. त्याच्याबरोबर उंच, दाढी केलेला सेमी आणि त्याच्या हाताला धरून लाइसा आजी. त्यांच्या अंगावर आज काळं नव्हतं. निळ्या फुलांचा झगा होता. त्यांच्या मागे सगळं गाव.

"वर बसा," इलिएसा म्हणाला.

"कोण?"

"तुम्ही तिघं. आज तुम्ही ढकलायचं नाही."

"अहो, असं कसं," सुखराजी म्हणाली. तिचे हात फाळक्यावरच होते. मेरेओनीने ते एकेक बोट धरून सोडवले, चिंध्या काढल्या आणि बांगड्या मुद्दाम खुळखुळवल्या. "बस आता. तुझ्यासाठी वेगळ्या कोऱ्या भांड्यात कसावाचा कंद शिजवलाय, नारळ घालून. त्या डुकराच्या भट्टीच्या वाऱ्यालाही नाही ठेवला. खाल्ल्याशिवाय जायचं नाही."

आजींना पुढच्या सीटवर चढवलं. सुखराजी त्यांच्या शेजारी, बिसुन स्टिअरिंगवर. आर्तिका मागे, पेटीवर हात ठेवून.

"कुठे दाबायचं?" आजींनी विचारलं.

सुखराजीने दाखवलं. आजींनी सेमीकडे पाहिलं. त्याने मान हलवली. आजींनी अंगठ्याने बटण दाबलं.

गाणं कुठलं लागलं ते कोणाला कळलंच नाही. कारण बटण दाबलं आणि अख्खं गाव ओरडलं. एकशे पंधरा दिवस पोटात ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. बायकांच्या किंकाळ्या, पुरुषांचे हुंकार, देवळाची घंटा, लाकडी ढोल, कुत्री. पन्नास-साठ हात गाडीला लागले आणि गाडी निघाली.

"अम्मा!" मागून आर्तिका हातवारे करत होती. "माझे स्पीकर ऐकूच येत नाहीत!"

"काय?"

"स्पीकर! ऐकू येत नाहीत!"

"मला पण!" सुखराजी ओरडली. आयुष्यात ती इतक्या मोठ्याने कधी बोलली नव्हती. आजींनी तिच्या मांडीवर थाप मारली आणि पुन्हा ओरडायची खूण केली, म्हणून ती पुन्हा ओरडली.

देवळाचा चढ कधी आला आणि कधी गेला ते कळलं नाही. लोसालिनी पाठ लावून उलटी चालत होती. सेमीने वर्दीच्या बाह्या वर सारल्या होत्या. गावाचं शेवटचं घर मागे पडलं. रोज जिथे किल्ली फिरवायची ती जागा आली, आणि बिसुनने किल्लीला हात घातला. मागच्यांपैकी एकानेही हात काढला नाही. गाडी तशीच पुढे चालली होती.

"पापा, आली जागा!" आर्तिका ओरडली. "चालू करा ना!"

बिसुनने आरशात पाहिलं. मग त्याने किल्लीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"राहू दे गं," तो म्हणाला. "पूल यायचाय अजून."